वाट कोणी विचारीत नाही

हिंडलग्यातील आमचे घर वेंगुर्ले रस्त्याला अगदी लागून आहे. बेळगावच्या कॅम्पातून निघणारा हा रस्ता गणपतीचे देऊळ मागे टाकून आमच्या गावात येतो आणि पुढे सुळगे, उचगावचा फाटा, बाची असे करीत शिनोळीपाशी महाराष्ट्रात शिरतो. तिथून आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, आणि सावंतवाडीच्या पुढे वेंगुर्ल्याचा समुद्र. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावच्या छावणीला लागणारा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरून बैलगाड्यांतून याच वाटेने वर येत असे. अशा जुन्या वाटेवर घर असले म्हणजे घरातील माणसांना एक काम आपोआप चिकटते. ते म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट सांगणे. १९७९ साली लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा हे काम माझ्या मामंजींकडे होते आणि ते त्यांनी एखाद्या मानाच्या वतनासारखे सांभाळले होते.

दुपारची झोप झाली की मामंजी कट्ट्यावर येऊन बसत. मोटार थांबे, काच खाली होई, आणि कोणी तरी विचारी, "आंबोलीची वाट हीच का?" मामंजींचे उत्तर एका वाक्याचे कधीच नसे. "असंच सरळ जावा. शिनोळी लागतंय, तिथनं पुढं मधी कुठं वळू नका. घाटात धुकं असलं तर दिवे लावा, आणि अंधार पडायच्या आत खाली उतरा की." एवढ्यावर ते थांबत नसत. तुम्ही मूळचे कुठले, कोणापैकी, निघालात कशासाठी, ही त्यांची चौकशी मग सुरू होई. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, धारवाड अशा ठिकाणची मंडळी कुलदेवतेच्या दर्शनाला कोकणात नाही तर गोव्यात निघालेली असत. चार-पाचांतल्या एखाद्याशी हटकून ओळखीचा धागा निघे, आणि तो निघाला की मला आतून चहा आणावा लागे. आमचा स्वतःचा पत्ता सांगताना मात्र मामंजींची पंचाईत होई. हिंडलगा म्हटले की ऐकणाऱ्याला प्रथम तुरुंग आठवतो. हा तुरुंग १९२३ सालचा. १९५० साली स्वातंत्र्यवीर सावरकरांनाही इथे स्थानबद्ध करून ठेवले होते. "जेलच्या जवळ राहतो" असे म्हटल्यावर समोरचा चमके. मामंजी लगेच जोडीत, "पण बाहेरच्या बाजूला."

मामंजी जाऊन आता तीस वर्षे होऊन गेली. कट्टा जागेवर आहे, रस्त्यावरची वर्दळ तर कित्येक पटींनी वाढली आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधबे पाहायला निघालेल्या गाड्यांची रांग लागते. परंतु गेल्या सात-आठ वर्षांत वाट विचारायला कोणी थांबल्याचे मला आठवत नाही. प्रत्येक चालकासमोर फोन टांगलेला असतो आणि त्यातून एक बाई ठाम स्वरात डावीकडे-उजवीकडे सांगत असते. मागे एकदा एक तरुण थांबला तेव्हा मी मोठ्या उमेदीने बाहेर गेले. त्याला पत्ता हवा होता तो आमच्याच घराचा. माझ्या नातवाने मागवलेले पार्सल त्याच्या हातात होते.

आमच्या वयाची माणसे जमली की या गोष्टीवर हमखास टीका होते. आताची मुले आळशी झाली, माणूसघाणी झाली, फोनवाचून त्यांना स्वतःच्या गल्लीतही जाता येत नाही, असे सगळे बोलून होते. त्यात थोडे तथ्य असेलही. पण लोकांनी ही ॲप एवढ्या तत्परतेने का पत्करली याचा विचार करताना मला ते कारण पुरेसे वाटत नाही. वाट विचारणे ही गोष्ट आपण आज आठवतो तितकी गोड कधीच नव्हती. कट्ट्यावर बसून वाट सांगणाऱ्याला ती गोड वाटे. विचारणाऱ्याचे काय होत असे, हे आम्ही त्या वेळी पाहिलेच नाही.

विचारणारा नेहमी खालच्या पायरीवर असतो. आपल्याला ठाऊक नाही हे त्याला चारचौघांत कबूल करावे लागते. समोरचा मामंजींसारखा असेल तर चहा मिळतो. तसा नसेल तर उपहास मिळतो, चुकीची वाट मिळते, आणि स्टँडबाहेरच्या रिक्षावाल्याला विचारले तर दुप्पट भाडेही मिळते. आमच्या घरचे उदाहरण सांगायचे तर "हे" कधीही, कोणालाही वाट विचारीत नसत. स्वतःचा बाप रस्त्यावर बसून सगळ्या जगाला वाटा सांगतो आणि मुलगा मात्र कोल्हापुरात चार वेळा एकाच चौकात येतो, असा आमचा संसार होता. मी मागून म्हणावे, "अहो, विचारा ना कोणाला तरी." त्यांनी म्हणावे, "आता आलंच." पुरुषांना विचारण्यात कमीपणा वाटतो, आणि बायकांना त्या काळी विचारण्याची मुभा नव्हती. परक्या गावात परक्या पुरुषाजवळ जाऊन बाईने काही विचारणे म्हणजे आपण एकट्या आहोत हे जाहीर करणे होते. म्हणून बायका एकट्या जातच नसत.

आमच्या भागात तर विचारण्याच्या आधी आणखी एक प्रश्न उभा राहतो. विचारायचे कोणत्या भाषेत? १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, तेव्हापासून हा प्रश्न आमच्या अंगणात आहे. १९८६ सालच्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ज्यांनी प्राण गमावले त्यांचे स्मारक हिंडलग्यातच आहे, आणि दर १ जूनला तिथे माणसे जमतात. अशा मुलखात "बसस्टँड कुठं आहे?" एवढे विचारताच विचारणारा कोण हे ठरून जाते. खरे पाहता रोजच्या व्यवहारात इथे काही अडत नाही. बाजारातली भाजीवाली दोन्ही भाषांत भाव सांगते आणि दोन्ही भाषांत घासाघीस करू देत नाही. पण बाहेरून येणाऱ्याला हे कसे ठाऊक असावे? त्याने बातम्या वाचलेल्या असतात. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमेपलीकडच्या बसगाड्या थांबल्या होत्या, तेवढेच त्याच्या लक्षात राहते. बसवरची पाटी कन्नडात असते, कंडक्टरला मराठी येत असले तरी तो ते बोलेल की नाही याची खात्री नसते. पुण्याहून येणारा माणूस अशा वेळी गप्प राहतो आणि खिशातला फोन काढतो. फोनला भाषेचा राग नसतो.

माझ्या फोनवर मी भाषा मराठी ठेवली आहे. त्यामुळे गूगलच्या नकाशावर मला आसपासची बरीच नावे देवनागरीत दिसतात. २०२१ सालापासून त्या कंपनीने मराठी, कन्नड, गुजरातीसह दहा भारतीय भाषांत दुकाने, दवाखाने, देवळे यांची नावे यंत्राकडून लिहून घेण्यास आरंभ केला. आमच्या समोरच्या घरातील मुलगी कन्नड शाळेत शिकवते. तिच्या फोनवर तीच गल्ली कन्नडात उमटते. कोणत्या पाटीवर कोणती लिपी किती मोठी असावी यावर इथे मोर्चे निघाले, कायदे झाले, आणि इकडे एकच रस्ता दोन घरांत दोन लिप्यांनी निमूटपणे वाचला जातो आहे. (यंत्राचे मराठी काही फार चांगले नाही. इंग्रजी अक्षरांवरून ते नावे जुळवते, तेव्हा ळ आणि ल यांतला भेद त्याच्या गावीही नसतो.)

परंतु हे सर्व माझ्या खऱ्या ध्यानात आले ते वन्संमुळे.

माझ्या नणंदबाई बडोद्याला असतात. त्यांचे वय आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. लग्न झाल्यापासून त्या माहेरी एकट्या अशा कधी आल्या नाहीत. प्रथम यजमान आणून सोडीत, पुढे मुलगा. बेळगावचे परतीचे आरक्षण बडोद्याहून मिळण्याची सोय पूर्वी नव्हती. तेव्हा त्यांचे पत्र यायचे, आमचे हे सकाळी स्टेशनवर रांगेत उभे राहायचे, आणि तिकीट मिळाले की उलट टपाली कळवायचे. रेल्वेची तिकिटे २००२ सालापासून इंटरनेटवर मिळू लागली, तरी वन्संच्या लेखी तो मुलाचा प्रांत होता. पाच वर्षांपूर्वी यजमान गेले आणि त्यांचे माहेरपण मुलाच्या रजेवर अवलंबून राहिले. रजा मिळेना. अशी दोन-तीन वर्षे गेली. त्यातच २०२३ च्या पावसाळ्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही जवळजवळ गेली. वन्सं रोज फोन करीत, पण फोनवर हे काय बोलणार? भावाला डोळ्यांनी पाहावे म्हणून त्या झुरत होत्या. मुलगा म्हणे, मार्चनंतर पाहू.

मार्चची वाट त्यांनी पाहिली नाही. जानेवारीत त्यांचा फोन आला, "मी निघते आहे. एकटीच." जोधपूरहून बेंगळुरूकडे जाणारी गाडी बडोदे, पुणे, मिरज करीत बेळगावला येते, तिचे तिकीट त्यांनी नातीला शेजारी बसवून स्वतः फोनवर काढले होते. मला धास्ती वाटली ती निराळीच. वन्संना गाडीत झोप लागत नसे. रात्रभर त्या शेजाऱ्यांना विचारीत, "बेळगाव गेलं नाही ना?" शेवटी शेजारीच जागे राहत. या वेळी मी विचारले, "वन्सं, उतरायचं कसं कळणार?" त्या म्हणाल्या, "ते यात कळतं."

"यात" म्हणजे गाडी कुठे आहे ते दाखवणारे एक ॲप. ते बेंगळुरूच्या काही तरुणांनी तयार केले, २०१८ साली गूगलने विकत घेतले, आणि ते मराठीतही चालते. त्याची युक्ती मला फार आवडली. रुळांच्या कडेने मोबाइल कंपन्यांचे मनोरे असतात. आपला फोन एकामागून एक ज्या मनोऱ्यांशी संधान बांधीत जातो, त्यांवरून गाडी कोणत्या दोन स्थानकांच्या मध्ये आहे हे ॲप ताडते आणि आपल्याजवळ साठवलेल्या वेळापत्रकाशी जुळवून दाखवते. त्यासाठी इंटरनेट चालू असावे लागत नाही. ठरवलेले स्थानक जवळ आले की गजरही होतो. वन्सं मिरजेपर्यंत झोपल्या होत्या! पुढे घटप्रभा गेले, गोकाक रोड गेले, हे त्यांनी कोणाला न विचारता जाणले. स्टेशनवर माझा मुलगा घ्यायला गेला, तर त्या आधीच बाहेर येऊन रिक्षावाल्याशी भाडे ठरवीत होत्या. रिक्षावाला लांबच्या रस्त्याने न्यायचे म्हणत होता, आणि वन्सं त्याला फोनवरचा नकाशा दाखवून सांगत होत्या, "कॅम्पातून चला, गणपतीवरून."

घरी आल्यावर त्या ह्यांच्या खाटेशी बसल्या. बोलणे एका बाजूचेच होते. थोड्या वेळाने त्यांनी फोन काढला आणि आपण कशा आलो ते ह्यांना दाखवू लागल्या. हे बघ सुरत, इथं चहा घेतला, हे वसई, हे पुणे, इथं गाडी चाळीस मिनिटं खोळंबली. ह्यांची डावी तर्जनी स्थानकांवरून हळूहळू फिरत होती. जन्मात कोणाला वाट न विचारलेला माणूस बहिणीची वाट बोटाने चाचपीत होता. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

त्यानंतर वन्सं आणखी दोनदा येऊन गेल्या, दोन्ही वेळा एकट्या. म्हणून फोनमुळे माणसे माणसांपासून तुटली असे कोणी म्हणू लागले की मला ते सरसकट मान्य करवत नाही. पंचाहत्तरीची बाई मुलाच्या रजेची वाट न पाहता भावाकडे येऊ शकते, ही काही लहान गोष्ट नव्हे. मामंजींच्या कट्ट्याने किती प्रवाशांची सोय केली असेल ती असो. घरातली लेक एकटी माहेरी यावी एवढे बळ त्याने कधी दिले नाही.

आणि परक्यावर भिस्त ठेवून प्रवास करणे हे आपल्या लोकांना नवे तरी कुठे आहे? काशी, गया, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या आठवा. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की उपाध्याय बाड सोडी आणि आपल्या पणजोबांची सही दाखवी. उतरण्याची जागा, जेवण, विधी, प्रसंगी उसने पैसे, सगळे त्या एका माणसाकडे होई. प्रवासी त्याला निवडीत नसे. घराण्याने तो आधीच ठरवलेला असे. त्याने दक्षिणेसाठी अडवून धरले तर तक्रार कोणाकडे करणार? आजचा प्रवासी हॉटेल ठरवण्यापूर्वी फोनवर शंभर अनोळखी माणसांचे अभिप्राय वाचतो. त्यांतले काही पैसे देऊन लिहून घेतलेले असतात, हे आता पोरासोरांनाही ठाऊक आहे. तरी शंभरांत दहा तरी खरे असतील या हिशेबावर तो चालतो. उपाध्यायाची वही आपले पणजोबा जाणत होती. फोन आपण काल कुठे जेवलो ते जाणतो, आणि ते तो कोणाला सांगतो हे आपण विचारीत नाही. हे मला खटकते. वन्संना खटकत नाही. "माझं काय चोरणार आहेत?" असे त्यांचे म्हणणे.

पुष्कळांना वाटते की या ॲपांनी विचारणे संपवले. तसे झालेले नाही, ते केवळ मुके झाले आहे. पुढे रस्ता तुंबला आहे हे नकाशाला कळते ते त्या रस्त्यावरच्या माणसांच्या खिशांतील फोन किती सावकाश सरकत आहेत त्यावरून. म्हणजे आपल्या वतीने ॲप शेकडो वाटसरूंना विचारीतच असते. त्यांना ते ठाऊक नसते आणि आपल्याला आभार मानावे लागत नाहीत. बसची तिकिटे विकणारे रेडबस २००६ साली बेंगळुरूत निघाले, त्यामागेही अशीच कथा आहे. त्याचे एक संस्थापक फणिंद्र समा यांना २००५ च्या दिवाळीत हैदराबादला घरी जायला तिकीट मिळाले नव्हते. एकामागून एक एजंटांच्या दारात जाऊन जागा आहे का म्हणून विचारण्याचा जाच ज्याने सोसला, त्यालाच ते बंद करण्याची बुद्धी झाली.

मात्र ज्या वाटेवरून फारसे कोणी जात नाही, तिथे हे मुके विचारणे उपयोगी पडत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याला निघालेले बिहारमधील एक कुटुंब नकाशाच्या सांगण्यावरून खानापूर तालुक्यात भीमगडच्या अरण्यात शिरले. हेम्माडग्याच्या बाजूला काही मैल आत गेल्यावर रस्ता दिसेना आणि फोनची रेंजही गेली. मुलाबाळांसह रात्र त्यांनी गाडीतच काढली. पहाटे कोस-दीड कोस चालून गेल्यावर रेंज मिळाली, त्यांनी ११२ क्रमांकावर फोन केला आणि पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. तो मुलूख वाघ-अस्वलांचा आहे. नकाशावर ती रेघ होती, आणि ती जवळची होती. एवढेच यंत्राला ठाऊक होते. रात्री त्या रेघेवर जाऊ नये हे खानापुरातल्या कोणत्याही पानपट्टीवाल्याने सांगितले असते. पण ते कोणालाही दोष देण्याजोगे मला वाटत नाही. रात्रीच्या वेळी, परक्या राज्यात, न कळणाऱ्या भाषेच्या गावात मुलांना गाडीत ठेवून कोण बंद दुकानांची दारे ठोठावील?

वन्संबरोबर मागच्या फेरीत आम्ही गोव्याला जाऊन आलो, ते चोर्ल्याच्या घाटाने. या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांची कुलदैवते तिकडे आहेत आणि बेळगावला उतरून त्याच वाटेने जाणारे पुष्कळ असतात, म्हणून दोन गोष्टी लिहिते. बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी असा तो रस्ता आहे. मलप्रभेचा उगम कणकुंबीला आहे, तिथे माउलीचे देऊळ आहे, पाच मिनिटे थांबावे. जांबोटी सोडल्यावर रेंज येते-जाते. फोनला आपली जागा उपग्रहांकडून कळते, त्यासाठी रेंज लागत नाही. नकाशाचे चित्र उतरवण्यासाठी मात्र ती लागते. तेव्हा घरून निघतानाच त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा, म्हणजे घाटातही ठिपका हलत राहतो. ही सोय २०१५ पासून आहे, पण पुष्कळांना माहीत नसते. पावसाळ्यात निघण्याआधी रस्ता अवजड वाहनांना किंवा सर्वांनाच बंद केला आहे काय, ते बेळगावातल्या कोणाला तरी फोन करून विचारावे. पेट्रोल बेळगावातच भरावे, दुपारी तीनच्या आत घाट उतरावा. जांबोटीच्या नाक्यावर चहा बरा मिळतो, आणि तिथले लोक मराठीत बोलतात.